बेटापर्यंतचा व्हिसा

बनुबाईंचा नवरा अर्जुना दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर मलायाला गेला, तिथं जपान्यांच्या कैदेत सापडला आणि कैद्यांना कोंबून नेणाऱ्या बोटीतून पार पॅसिफिक समुद्रातल्या एका बेटावर जाऊन पडला. तिथंच तो मेला. फलटणजवळच्या त्यांच्या गावात ही बातमी पोचली तेव्हा लढाई संपून वर्ष होत आलं होतं आणि बापानं कधी धड न पाहिलेला त्यांचा मुलगा नाथाजी शेरडांमागं पळायला लागला होता.

सासरी निभाव लागेना म्हणून बनुबाई पोराला काखेत मारून तासगावला भावाकडं आल्या. तिथल्याच एका तंबाखूच्या वखारीत त्यांनी पानं निवडायचं काम धरलं. वखारीत इतकी धूळ असायची की संध्याकाळी बाहेर आल्यावर बायका आधी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून खोकून घ्यायच्या आणि मग घरची वाट धरायच्या. त्या मजुरीवर नाथाजी वाढला, शिकला, साखर कारखान्यात चिकटला आणि मामानं दिलेल्या तुकड्यात त्यानं द्राक्षं लावली.

नवऱ्याबद्दल बनुबाईंना जे ठाऊक होतं ते एका माणसाकडून. लढाईनंतर काही वर्षांनी वाईचे सुभेदार हिंदुराव एसटीनं तासगावात आले होते. ते त्याच बेटावर कैदेत होते. अंगणात घोंगडीवर बसून त्यांनी सांगितलं, "वहिनी, हिवतापानं गेला. आमी चौघांनी उचलला. डोंगराच्या पायथ्याला जागा हाय, तितनं समुद्र दिसतो. लाकडाची पाटी लावलीया नावाची. माजं म्या बघितलंय म्हनून सांगतो." चहाही न घेता ते शेवटच्या गाडीनं परत गेले. त्यानंतर त्या बेटाचं नाव घरात कुणी काढलं नाही, पण बनुबाई ते विसरल्या नव्हत्या. इंग्रजी नाव होतं, त्यांच्या तोंडात ते मोडून मराठी झालं होतं.

नाथाजींचा मुलगा साईराज सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनियर होता. तिकडंच त्यानं घर केलं आणि सत्त्याण्णव साली तिकडचाच पासपोर्ट घेतला. त्यानं चौकशी करकरून त्या बेटावरच्या सैनिकांच्या दफनभूमीचा पत्ता काढला. लाकडी पाट्या जाऊन आता तिथं दगड आले होते, आणि आजोबांच्या नावाचा दगड होता. पण तिकडं जायचं कसं? तेवढ्यात त्याची बायको सृष्टी हिला एका पर्यटन कंपनीच्या पत्रकात ते नाव दिसलं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत त्याचा फोन आला.

"आज्जी, एक बोट आहे. लोक हौसेनं समुद्रात फिरायला जातात ना, तसली. ऑस्ट्रेलियातून निघते, बेटं दाखवते आणि परत तिथंच आणून सोडते. त्यात आपलं बेट आहे."

"आपलं," बनुबाई म्हणाल्या. मग विचारलं, "तितं थांबती व्हय ती?"

"पूर्ण दिवस थांबते. खाली उतरता येतं. मी, तू आणि सृष्टी. फेब्रुवारीत."

बनुबाईंनी फोन नाथाजींच्या हातात दिला आणि त्या आत जाऊन बसल्या. सून विचारायला गेली तर म्हणाल्या, "काय न्हाई. गुडघं दुखत्यात." पण दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी बागेच्या कडेनं चालायला लागल्या. चालायची सवय पाहिजे, बेटावर डोंगर हाय म्हणं.

पासपोर्ट पुण्याहून आला. आता राहिला व्हिसा. साईराजचा आणि सृष्टीचा तर होऊनही गेला होता. फोनवर साईराज वडलांना हसून सांगत होता, "आबा, मी ट्रॅव्हलवाल्याकडं कॉफी पीत बसलो होतो. त्यानं पासपोर्टाचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, संपलं. पासपोर्टावर शिक्का नाही, कागद नाही. विमानतळावर मशीनला सगळं कळतं."

"आणि आईचा?"

"तिचाही होईल. बघा सांगलीत कुणाला तरी विचारून."

सांगलीत स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर कपिल कांबळेचं ऑफिस होतं. आखातात नोकरीला जाणाऱ्यांची तिकिटं तो काढायचा. तिशीचा, सावळा, शांत बोलणारा. बोटीवर फिरायला जाणारं गिऱ्हाईक त्याच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं. त्यानं मुंबईला फोन लावले, फॅक्स मागवले, आणि आठवड्यानं नाथाजी आईला घेऊन गेले तेव्हा ते कागद समोर ठेवून सांगायला लागला.

"काका, तो कॉम्प्युटरचा व्हिसा ठरावीक देशांच्या पासपोर्टांनाच आहे. सिंगापूर त्यात आहे. आपला नाही. आज्जींचा अर्ज दिल्लीला पाठवायचा, तिथनं पासपोर्टावर चिकटवून येणार. दुसरं म्हणजे, बोट ऑस्ट्रेलियातून बाहेर पडते आणि परत आत येते. त्यामुळं एकदा आत जायचा व्हिसा चालत नाही, दोनदा जायचा लागतो. तो नसला तर बोटीवरच घेत नाहीत. लिहिलंय इथं."

"बोट तर तीच, मानसं बी तीच," बनुबाई म्हणाल्या. "समुद्रातनं फिरून आलं तर परत नवं कसं झालं?"

"त्यांचा कायदा आहे आज्जी."

"आनि सायराज माजाच नातू. त्येला घडीत मिळाला."

बनुबाईंना कपिलचा राग नव्हता आणि त्यालाही ते दिसत होतं. त्यानं खालून चहा मागवला.

"आणखी एक आहे. सत्तरीच्या पुढच्या माणसाची तपासणी लागते. त्यांनी नेमलेल्याच डॉक्टरकडून. आपल्याला जवळचा पुण्यात आहे."

अर्ज गेला. डिसेंबरच्या थंडीत मायलेक पुण्याला गेले. दवाखाना झकपक होता आणि तिथं अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला निघालेल्या तरण्या पोरापोरींची रांग होती. टेबलावरच्या मुलीनं बनुबाईंना नाव विचारलं, वय विचारलं आणि मग नवऱ्याचं नाव विचारलं. बनुबाई गप्प राहिल्या. मुलीनं पुन्हा विचारलं. त्यांनी नाथाजींकडं पाहिलं. "अर्जुना," नाथाजी म्हणाले. मुलीनं लिहून घेतलं. बनुबाईंनी पदर सारखा केला. आयुष्यात त्यांनी ते नाव तोंडानं उच्चारलं नव्हतं.

छातीचा फोटो काढला. डॉक्टर वयस्क होते, बोलायला चांगले होते. फोटो उजेडाच्या पाटीवर लावून त्यांनी बराच वेळ पाहिला.

"आज्जी, कधी टीबी झाला होता का?"

"न्हाई."

"बराच दिवस खोकला? ताप? वजन उतरलं होतं?"

"वखारीत हुते तवा खोकत हुते. समद्याच खोकायच्या. अडुळशाचा काढा पेला, ऱ्हायलं."

डॉक्टरांनी नाथाजींना बोलावून उजव्या बाजूचा एक पांढरट डाग दाखवला. "जुना व्रण आहे. चाळीसेक वर्षांचा असेल. माझ्या मते आता काही नाही, त्या ठणठणीत आहेत. पण मला हे लिहावं लागेल, आणि एकदा लिहिलं की ते लोक थुंकीची तपासणी मागणार. त्यात जंतू वाढतायत का ते बघायला सहा ते आठ आठवडे लागतात."

"डॉक्टरसाहेब, बोट फेब्रुवारीत हाय."

"ते मी समजू शकतो."

"लवकर न्हाई व्हायचं काय? कुठं सांगायला लागतंय का, कुनाकडं जायाला लागतंय का?"

"नाही हो. जंतू त्यांच्या गतीनंच वाढतात. कुणी काही करू शकत नाही त्यात."

परतीच्या गाडीत बनुबाई खिडकीशी बसल्या होत्या. सातारा मागं पडला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय डाग म्हनत हुता त्यो?"

"जुना हाय आई. वखारीतला."

"मग त्येचं आता काय?"

आपण त्या वखारीच्या दारात तंबाखूच्या पोत्यांवर खेळत वाढलो हे नाथाजींना आठवलं. आईच्या पगारावर पाटी-पेन्सिल आली होती. त्यांनी आईकडं पाहिलं नाही, बाहेर पाहत राहिले.

जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून तसं पत्र आलं, थुंकीचे नमुने दिले आणि वाट पाहणं सुरू झालं. साईराज एक दिवसाआड फोन करायचा. त्यानं स्वतः ऑस्ट्रेलियाच्या कचेरीत पत्रं पाठवली, आजोबांच्या पेन्शनची कागदपत्रं जोडली, आज्जीचं वय, तिचे गुडघे, सगळं लिहिलं. प्रत्येक वेळी सभ्य भाषेत एकच उत्तर यायचं, की वैद्यकीय अहवाल आल्यावर विचार केला जाईल. कपिल दिल्लीला फोन लावायचा. पलीकडून बाई गोड आवाजात सांगायची, फाईल आहे, अहवाल आल्यावर बघू. त्यानं ओळखीच्या एका साहेबाकडून तालुक्याच्या आमदाराचं पत्र मिळवलं. ते पत्र पाहून तो स्वतःच म्हणाला, "काका, याचा तिकडं काय उपयोग? आमदार इथला, जंतू पुण्यात, साहेब दिल्लीत."

"ऱ्हाऊ द्या तरी जोडून," नाथाजी म्हणाले. जोडलं.

दुसरी बोट नव्हती असं नाही. कंपनीच्या बोटी दर महिन्याला सुटत होत्या, पण त्या दुसऱ्या बेटांकडं जात होत्या. या बेटाची फेरी वर्षातून एकदाच होती.

जानेवारी संपला. बागेत घड पिकायला आले, बेदाणा करायच्या शेडवर माणसांची लगबग सुरू झाली. बनुबाईंनी चालणं सोडलं नव्हतं. मात्र घरात आता त्या कमी बोलत होत्या. एका दुपारी त्यांनी स्वतःहून नाथाजींना फोन लावायला सांगितलं.

"सायराज, तू जा रं."

"आज्जी, मी रद्द करतोय. पुढच्या वर्षी तिघं जाऊ."

"फुडच्या वरसाचं कुनाला ठावं. तुला मिळालाय ना तुजा कॉम्पुटरचा? मग जा. कुनीतरी जाया पायजे. येवढ्या वरसात घरचं कुनी गेलं न्हाई तिकडं."

"तुझ्याशिवाय मी काय करू तिथं?"

"हुबा ऱ्हा म्होरं. म्हनावं, आमी हाव समदी." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

साईराज आणि सृष्टी गेले. ज्या दिवशी बोट बेटाला लागायची होती त्या दिवशी बनुबाई सकाळी लवकर न्हाल्या. सुनेनं पुरण घातलं. श्राद्ध म्हणावं तर तिथी नव्हती, सण म्हणावा तर सण नव्हता, पण काहीतरी करायला पाहिजे असं घरात सगळ्यांना वाटत होतं. नाथाजी बागेत गेले नाहीत. दोघं मायलेक फोनजवळ बसून राहिले. दुपार झाली, दिवस कलला, फोन आला नाही. शेजारच्या मनुबाई येऊन बसल्या, गेल्या. "बोटीत फोन नसंल वो," त्या म्हणाल्या. बनुबाई मान हलवत राहिल्या.

फोन आला तो दोन दिवसांनी, पुढच्या कुठल्याशा बंदरातून. नाथाजींनी उचलला. पलीकडून साईराजचा आवाज एकदम बसलेला होता.

"आबा, उतरता आलं नाही."

"म्हंजे?"

"तिथं मोठी बोट धक्क्याला लागत नाही. समुद्रात उभी करतात आणि छोट्या होड्यांतून माणसं काठावर नेतात. वारा सुटला होता. होड्या खाली सोडल्या, पण लाटा इतक्या, की एका खलाशाचा हात चिरडला. मग कॅप्टननं बंद केलं. मी खूप बोललो, आबा. सृष्टी रडली त्यांच्यापुढं. ते म्हणाले, माफ करा, प्रवाशांची जबाबदारी आमच्यावर आहे. दुपारी बोट निघाली."

बनुबाईंनी हात पुढं करून फोन घेतला.

"सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. सांगता सांगता तो लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"रडू नगं. तुजा काय दोष त्यात? तुला दिसलं काय?"

"दिसलं. लांबून. हिरवा डोंगर, पायथ्याला झाडं. डोंगरावर ढग होते."

"झाडाच्या हिकडं का तिकडं, दगडं?"

"नाही दिसले आज्जी. तेवढ्या लांबून नाही दिसत."

"बरं. किती येळ हुबी हुती बोट?"

"सकाळपासून. चार-पाच तास."

"चार-पाच तास," त्या म्हणाल्या. "सृष्टी बरी हाय न्हवं? जेवत जावा टायमाला."

फोन ठेवला. मनुबाई बातमी ऐकून आल्या होत्याच. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "एका अर्थी बरंच झालं म्हनायचं बनुबाई. तुमी गेला असता तरी तितंच अडकला असता. येवढा परवास करून समुद्रातनंच माघारी. जिवाला किती लागलं असतं."

नाथाजींनाही तसंच वाटत होतं. खरं तर दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या मनावरचं ओझं जरा हललं होतं. त्यांनी मान हलवली. "व्हय आई. मनुमावशी म्हनतीया ते खरं हाय. व्हिसा मिळूनबी उतरता आलं नसतं."

बनुबाईंनी दोघांकडं पाहिलं.

"दिसलं तरी असतं," त्या म्हणाल्या. "चार-पाच तास बगितलं असतं की रं मी."

मनुबाई हळूच निघून गेल्या. बनुबाई उठून मागच्या दाराला गेल्या, आणि तिथं उंबऱ्यावर टेकून पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या. सून जवळ जाऊन बसली. तिनं पाठीवरून हात फिरवायला घेतला तर बनुबाईंनी तो हात धरून ठेवला. सोडला नाही.

मार्चमध्ये पुण्याचा अहवाल आला. जंतू नव्हते. डॉक्टर म्हणाले होते तसा तो डाग जुनाच होता. अहवाल दिल्लीला गेला, आणि एप्रिलच्या उन्हात कपिल स्वतः मोटारसायकलवरून तासगावला पासपोर्ट घेऊन आला. त्यात एका पानावर रंगीत, चकचकीत कागद चिकटवलेला होता.

"झाला आज्जी," तो म्हणाला. त्याला आनंद दाखवावा की नाही ते कळत नव्हतं. "वर्षभराचा आहे. कितीही वेळा आत जा, बाहेर या. बोटीसाठी लागतो तसाच दिलाय."

बनुबाईंनी पासपोर्ट डोळ्यांजवळ धरला. "ह्यात त्या बेटाचं नाव कुटं हाय?"

"ते नसतं त्यात. हा ऑस्ट्रेलियात शिरायचा. तिथनं बोट पकडायची."

"मग पकडू की."

कपिलनं नाथाजींकडं पाहिलं. मग सांगून टाकलं. आदल्याच आठवड्यात त्यानं चौकशी केली होती. त्या बेटाला होड्या लागत नाहीत, प्रवाशांची तक्रार होते, म्हणून कंपनीनं पुढच्या वर्षापासून ते बेट फेरीतून काढून टाकलं होतं. विमानानं जायचं तर दोन-तीन विमानं बदलावी लागत होती, आणि बोटीवरच्यांना लागत नाही तो त्या देशाचा व्हिसाही वेगळा काढावा लागत होता. तो द्यायला आपल्या देशात कुठली कचेरी आहे हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. "मी शोधतोय," तो म्हणाला. "सोडणार नाही आज्जी."

"तुज्या जिवाला लय तरास झाला रं बाबा आमच्यापायी," बनुबाई म्हणाल्या. "बस. ताक पी."

तो ताक पिऊन गेला. नाथाजी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले. दोघंही मोटारसायकलजवळ उगाच उभे राहिले. कपिल म्हणाला, "काका, आधीच तपासणी करून घेतली असती तर?" नाथाजी म्हणाले, "कुनाला म्हाईत हुतं?" आणि तो निघून गेला.

व्हिसा आल्याची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. त्या वस्तीत असला व्हिसा कुणी पाहिला नव्हता. संध्याकाळी बाया बघायला आल्या. गल्लीतले वडीलधारे आप्पासो काठी टेकत आले आणि त्यांनी चष्मा लावून इंग्रजी अक्षरं एक एक करून वाचली. "बनुबाई अर्जुना. अगदी छापलंय बघा," ते म्हणाले. "आता तुमाला कोन अडीवनार न्हाई." एकीच्या हाताला हळद होती, तिला बाकीच्यांनी लांब उभं राहून बघायला लावलं. मनुबाईंनी त्या गुळगुळीत कागदावरून बोट फिरवलं.

"लय झाक हाय गं. सोन्यावानी चमकतंय. मग कवा निगायचं?"

नाथाजी भिंतीला टेकून उभे होते. ते सांगायला पुढं झाले, पण आईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि ते तिथंच थांबले.

"बगू की," बनुबाई म्हणाल्या.

"तरी बी? उनाळा सरल्यावर?"

"बगू. जरा उनं कमी हुंद्यात."

बाया हसल्या. पासपोर्ट एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता, आणि प्रत्येकीला बनुबाई ते पान स्वतः उघडून दाखवत होत्या.